खालची खिडकी

आमच्या गल्लीतली सगळी घरं एका वयाची, एका तोंडवळ्याची. ती जपायला लोकांनी समिती काढली आणि समितीच्या डोळ्यांत माझी खिडकी सलायला लागली.

बाकीच्यांच्या खिडक्या छातीएवढ्या उंच, एका रांगेत. माझी एकटीची गुडघ्यापाशी. ह्यांनी अंथरूण धरलं तेव्हा पलंगावरून गल्ली दिसावी म्हणून मीच भिंत फोडून घेतली होती. येणारा-जाणारा वाकून विचारायचा, "काय काका, बरं आहे ना?" हे गेले आणि लोकांचं वाकणं थांबलं. मी धडधाकट, मला कोण विचारतंय!

समितीच्या अध्यक्षाला सगळे सुरळी म्हणतात, कारण काखेत कायम नकाशा. "काकू, मूळ भिंतीत ही खिडकी नव्हतीच. बुजवून टाकू या."

"मूळ भिंतीत मीही नव्हते. मलाही बुजवा."

तो हसला, बसला, चहा प्यायला. पुढच्या वेळी शेजारच्या शिक्षिकेला घेऊन आला. मग अख्खी समितीच आली. खुर्च्या पुरेनात, दोघं ह्यांच्या पलंगावर टेकली. घरात इतका गलका किती दिवसांनी झाला होता! मी आपली नन्नाचा पाढा लावून बसले. खरं सांगू? खिडकी बुजली असती तरी मला चाललं असतं. पण मी हो म्हटलं की कपबशा पुन्हा फडताळात जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

काल सुरळी एकटाच आला, दारातच थांबला.

"काकू, जिंकलात तुम्ही. खिडकी राहू दे, असं सगळ्यांनी ठरवलंय. आता तुम्हाला त्रास द्यायला कुणी येणार नाही."

"अरे, आत तरी ये. चहा टाकते."

"नको, घाईत आहे."

मग दिवसभर पलंगावर बसून राहिले. खिडकीतून माणसं कमरेपर्यंतच दिसतात. एकही वाकलं नाही. फार एकटं वाटलं.

आज सकाळीच रंगाचं दुकान गाठलं. गल्लीतलं सगळं लाकूड तपकिरीच हवं, असा समितीचा नियम आहे. मी सगळ्यात भडक पिवळा आणला. खिडकीचं एक दार रंगवून झालंय. दुसरं मुद्दाम ठेवलंय, कुणीतरी येऊन थांबवेल म्हणून.

चहाचं आधण केव्हाचं उकळतंय.