एका आईने मला सांगितले

"अध्यक्ष महोदय, परवा एक आई मला भेटायला आली होती," मंत्री म्हणाले, आणि मी मनात म्हटलं, आली गोष्ट!

मंत्र्यांच्या भाषणात गोष्ट यायचीच. परराष्ट्र धोरण असो, धान्याचा तुटवडा असो, नाहीतर वाहून गेलेला पूल असो. आधी आकडे, मग घोटभर पाणी, मग गोष्ट. मी सभागृहाची लघुलेखिका. सभागृहाच्या मधोमध, सगळ्यांच्या पायथ्याशी आमचं टेबल. तिथे मान खाली घालून बसायचं आणि कानावर पडेल तो शब्द न शब्द उतरवायचा. थोड्या वेळाने दुसरी येऊन शेजारी टेकते, तिचा हात चालू लागला की पहिलीने उठायचं. इतकी वर्षं ह्या माणसाचं बोलणं लिहिलं, पण त्यांनी माझा चेहरा कधी नीट पाहिला असेल असं वाटत नाही. त्यांना वरून माझा भांग तेवढा दिसणार.

"तिचा थोरला मुलगा सीमेपलीकडे आपल्या सैन्यात होता. तो धारातीर्थी पडला."

माझाही थोरला तिथेच गेला. पण म्हटलं, असेल माझ्यासारखीच दुसरी कोणी, बिचारी. पेन चालू होतं.

"तिच्या हातात त्याचा हिरवा स्वेटर होता. तिनेच विणलेला. एक बाही उसवलेली."

ही दुसरी कोणी नव्हती. तो स्वेटर माझ्या कपाटात आहे. ती बाही मी मुद्दाम सांधलेली नाही.

"मी विचारलं, आई, तुमच्यासाठी काय करू? तर ती माउली काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, साहेब, एक दिला. दुसराही तिथेच आहे. तोही देशाचाच. त्याला परत बोलावू नका."

सभागृहाने बाकं वाजवली. विरोधकांनीसुद्धा! माझ्या कानात नुसता घुंऽऽ आवाज. हात मात्र थांबला नव्हता. खाली पाहिलं तर सगळं वाक्य लिहून झालेलं होतं आणि पुढे कंसात 'बाके वाजवण्याचा आवाज' हेसुद्धा. मेल्या हाताला काही लाजलज्जा?

मी काय म्हणाले होते ते सांगते. आमच्या नोकरीत कुठल्याही सभासदाकडे खासगी काम घेऊन जायला सक्त मनाई. तरी एका रविवारी थोरल्याचा स्वेटर हातात घेऊन मी मंत्र्यांच्या बंगल्यावर भेटायला येणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिले. नोकरीचं नाव काढलं नाही. आमचे हे फाटकाबाहेर थांबले होते. माझा नंबर आला तसं सगळं पाठ केलेलं विसरले. म्हटलं, "साहेब, एक गेला. दुसराही तिथेच आहे. एवढा तरी परत आणा हो." बस्स, एवढंच. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, खोटं कशाला बोलू? बाहेर येऊन मी ह्यांना म्हटलं, "माणूस चांगला आहे हो." हे म्हणाले, "बघू."

आणि आज ह्या चर्चेअखेर मतदान होतं. सैन्य तिथून परत आणायचं की आणखी वर्षभर ठेवायचं.

शेजारी चिमणी येऊन टेकली. आमच्या विभागातली सगळ्यात लहान, सतत चिवचिवाट, म्हणून चिमणी. तिचं पेन सुरू झालं. मी उठायला हवं होतं, पण उठवेना. तिने टेबलाखालून मला गुडघा मारला तेव्हा उठले.

सैन्य आणखी वर्षभर ठेवायचा ठराव मंजूर झाल्याचं मला बाहेरच्या बोळात कळलं. आतून पुन्हा बाकांचा आवाज आला. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

चिमणी आपलं काम संपवून आली. "काय गं ताई, भूत पाहिल्यासारखी काय उभी? पण काय बोलले ना आज! मला तर रडूच आलं त्या आईचं ऐकून."

"मलाही पूर्वी यायचं," मी म्हणाले.

खरंच यायचं. पूल वाहून गेला त्या वर्षी मंत्री म्हणाले होते, एक म्हातारा मला म्हणाला, साहेब, पूल गेला त्याचं काही नाही, तुम्ही आलात ह्यातच सगळं आलं. ते मी घरी येऊन ह्यांना सांगितलं होतं, पदराने डोळे पुसत. आज एकदम मनात आलं, तो म्हातारा खरं काय म्हणाला असेल? शिव्या घातल्या असतील त्याने. त्याचं कोणी वाहून गेलं असेल. आणि ती धान्याच्या रांगेतली मास्तरीण, जी म्हणे अर्धपोटी राहूनही हसत होती? हसत होती का ती? सगळ्यांना मीच लिहून घेतलं होतं, सुवाच्य.

मजकूर टंकून मी आमच्या विभागाच्या प्रमुखांकडे, मुख्य प्रतिवेदकांकडे गेले. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणतो. शिस्तीचा माणूस, पण मनाचा वाईट नाही.

"साहेब, ह्यात एक चूक आहे. ती आई असं म्हणाली नव्हती."

"तुम्हाला काय माहीत?"

"ती मीच."

साहेबांनी चष्मा काढला. थोरल्याचं त्यांना माहीत होतं, घरी येऊन गेले होते. उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"तुम्ही बंगल्यावर गेला होतात? अहो बाई, हे माझ्याशी बोललात ते बोललात, दुसऱ्या कोणाकडे बोलू नका. नोकरी जाईल."

"ते राहू दे. हे वाक्य सुधारता येईल का?"

"मंत्री तसं बोलले की नाही?"

"बोलले."

"मग झालं तर. आपण काय खरं-खोटं लिहितो? जे बोललं गेलं ते लिहितो. दुरुस्तीचा हक्क ज्याचं बोलणं त्याचा."

"मग ते बोलणं माझंच होतं की, साहेब."

ते चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "चहा मागवू का?" मी नको म्हटलं. त्यांनी पानावर सही केली, तीही इतकी हळू की मलाच त्यांची दया आली. माझं वाक्य कायमचं गेलं. आता उद्या कोणी नातवंडाने काढून वाचलं, तरी त्यात आई हेच म्हणणार.

घरी आले तर हे रेडिओ बंद करून बसलेले. त्यांनी ऐकलं होतं. "तू तसं म्हणाली नव्हतीस," एवढंच बोलले. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या माणसाने हे म्हणावं! तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

मी भाजी चिरायला घेतली तोच फोन वाजला. धाकटा. छावणीतून पाळीपाळीने बोलायला मिळतं, मागे जेवणघराचा गोंगाट, ताटांची खडखड.

"आई, आज मोठ्या पडद्यावर तुमचं सभागृह दाखवलं. तुझं डोकं दिसलं! मी सगळ्यांना दाखवलं, ती बघा आमची आई."

"बरा आहेस ना तू?"

"आहे. पण काय गं, ती बाई कोण? एक दिला म्हणे, दुसराही घ्या. पोरं जाम भडकलीत इथे. काहीजण तर जेवायलाच उठेनात. एकजण म्हणाला, असली आई वैऱ्यालाही नको. तू तिथेच होतीस ना? खरंच म्हणाली का गं ती असं?"

हे माझ्याकडे बघत होते. नोकरीची आठवण झाली, साहेबांची झाली, सगळ्याची झाली.

"नाही म्हणाली," मी म्हणाले. "ती मी होते, बाळा. तुझ्यासाठी गेले होते त्यांच्याकडे. मी म्हणाले होते, एक गेला, एवढा तरी परत आणा."

मला वाटलं फोन तुटला.

"आई," तो म्हणाला, आवाज अगदी लहानपणीचा, "हे मी पोरांना सांगू?"

"सांग. माझं नाव घेऊन सांग."

त्याने फोन तसाच हातात धरला असणार. लांबून त्याचा आवाज आला, "ए, ऐका रे जरा." मग तो सांगू लागला. माझं वाक्य त्याने जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ताटांची खडखड थांबली. कोणी काही वाजवलं नाही, कोणी काही बोललं नाही. मी फोन कानाला लावून ते ऐकत उभी राहिले.