दुसऱ्याला विचारलं तर

"फाट्यावर दोन पावणं उभं हायत," मल्लेशअप्पांनी सुरुवात केली. "एक कायम खरं बोलतोय, दुसरा कायम खोटं. जोतिबाची वाट कशी काढशील?"

"अप्पा, शंभरदा सांगितलंय की," दानेश्वरी म्हणाली. "कुणाबी एकाला विचारायचं, दुसरा कुठली वाट दाखवंल? आन् तो सांगंल त्याच्या उलट जायाचं."

सांगताना ती बापाकडे बघत नव्हती. सकाळी दवाखान्यातून अप्पांचे रिपोर्ट घेऊन आल्यापासून ती कुणाकडेच बघत नव्हती.

अप्पा तीस वर्षं मंगळवार पेठेत विजेचे मीटर वाचत हिंडले. "घर बंदच असतंय, सायेब," "फ्रीज न्हाय वो आमच्यात," असल्या थापा रोज कानावर यायच्या. अप्पा मान डोलवायचे आणि मीटरवरचाच आकडा लिहायचे. खऱ्याखोट्याच्या कोड्यांचा नाद त्यांना तिथंच लागला आणि त्यांनी तो लेकीलाही लावला. पोरगी कोडी सोडवायला तरबेज झाली, पण स्वतः थाप मारायला गेली की तिचे कान लालभडक व्हायचे.

दानेश्वरीची अव्वा, चन्नम्मा, ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. कुणी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "डाक्टर म्हणालेत, काय सुदीक न्हाय. साधी गाठ हाय. गोळ्यांनी जाईल." तांब्या ठेवून त्या लगबगीनं आत गेल्या.

मायलेकींचं ठरलंय, हे अप्पांनी ओळखलं. लेकीला सरळ विचारावं, तर तिला आईचा शब्द मोडावा लागणार, नाहीतर बापाशी खोटं बोलावं लागणार. त्यांना तिची दया आली. पण कळायला तर हवंच होतं. चन्नम्माला एकटीनं राहायची सवय लावायची होती आणि त्यासाठी हातात दिवस किती, ते माहीत असायला हवं होतं.

"दाने, मला काय बी सांगू नगंस," ते हळू आवाजात म्हणाले. "एवढंच सांग. पुढच्या पाडव्याला मी असणार का, असं अव्वाला विचारलं, तर ती काय म्हणंल?"

दानेश्वरीनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे भरले होते, कान मात्र लाल नव्हते.

"व्हय म्हणंल, अप्पा."

अप्पांनी ते उत्तर मनातल्या मनात उलटं केलं. मग लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू काय सांगितलं न्हाईस. अव्वाला तसंच सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी भाजीची पिशवी चन्नम्मांच्या हातात दिली. चाळीस वर्षांत त्या नवऱ्याशिवाय चौक ओलांडून गेल्या नव्हत्या.

"एकलीच? आन् तुम्ही?"

"मी हाय की दारात. जा तू."

चौकात रिक्षांची रांग संपेना. चन्नम्मा एक पाऊल पुढं टाकायच्या, परत मागं घ्यायच्या. दोनदा वळून त्यांनी घराकडे बघितलं. अप्पांचे पाय पायरीवरून उतरायला निघाले होते. त्यांनी चौकट घट्ट धरली आणि चन्नम्मा पलीकडे पोचेपर्यंत सोडली नाही.