इर्जिकीतली रांग

कारिमीने वाळका पोकळ भोपळा उलटा केला, बुडावर दोन थापा मारल्या आणि आतले दाणे चटईवर ओतले. मक्याचे पांढरे, घेवड्याचे काळे. सगळी इर्जिक कुदळी टाकून चटईभोवती वाकली. ज्याला कारिमी हवी त्याने झाकल्या मुठीने मक्याचा दाणा टाकायचा, ज्याला मुरिउंगी मास्तर हवा त्याने घेवड्याचा. कोणी काय टाकलं ते कोणालाच कळायचं नाही. ही कल्पना कारिमीची होती आणि तिला तिचा फार अभिमान होता.

दिसायला ही इकियारा आजोबांच्या उतारावर बांध घालायला जमलेली माणसं होती. कोणी हटकलंच तर प्रत्येकाला ‘मी आपला खणायला आलो होतो’ असं म्हणता येत होतं, आणि म्हणूनच इर्जिकीचं, सगळ्यांनी मिळून एकाच्या शेतावर राबायचं, निमित्त शोधलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या निवडणुकीत सरकारने मतपेट्याच काढून टाकल्या होत्या. उमेदवाराचा फोटो छातीशी धरून एक माणूस मैदानात उभा राहायचा आणि मतदारांनी त्याच्यामागे रांग लावायची. लांब रांग हरली आणि आखूड रांग जिंकली, हे अख्ख्या गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. तेही एक वेळ गिळलं असतं लोकांनी. पण कोण कुठल्या रांगेत उभं होतं ते सरकारचा गावातला अंमलदार, उपचीफ किउंगा, याच्या डोक्यात पक्कं बसलं. मग कोणाचा चहाचा पाला खरेदी-केंद्रावरून ‘जून आहे’ म्हणून परत यायला लागला, कोणाच्या पोराचं शाळेतून नाव निघालं. मुरिउंगी मास्तरची तर नोकरीच गेली.

आता गुरुवारी नैरोबीची समिती मेरू शहरात येणार होती, लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायला. रांग बंद करा, पूर्वीसारखी गुप्त चिठ्ठी आणा, एवढंच गावाला सांगायचं होतं. प्रत्येक गावातून एकालाच बोलू देणार होते, आणि तो एक कोण ते आज दाण्यांवर ठरत होतं. किउंगाने ही बातमी दाबून ठेवली होती. त्याला स्वतःचा माणूस पाठवायचा होता. ती बातमी गावात आली कागेंडोमुळे. तिचा नवरा मुथुरी उपचीफच्या कचेरीत फाटकावर शिपाई होता आणि दोघं कचेरीच्या आवारातच एका खोलीत राहत. ‘तुझं नाव कुणालाही कळणार नाही,’ असं कारिमीने तिचे दोन्ही हात धरून सांगितलं होतं. आजही कागेंडो सगळ्यांपासून जरा लांब, खालच्या अंगाला खणत होती. कोणाकडे फारसं बघतही नव्हती.

चटईवर पांढरे दाणे जास्त होते. मोजायचीही गरज नव्हती.

मुरिउंगी मास्तरने त्यातला एक दाणा उचलून बोटांत फिरवला.

“हा बियाण्याचा भोपळा ना गं, कारिमी?”

“हो. मग?”

“मग आत मक्याचे जुने दाणे अडकून राहिले असतील की. मी आपलं विचारतोय.”

“झटकून आणलाय मी.”

“झटकलास गं. पण झटकताना पाहिलं कोणी?”

मागून कोणीतरी खुदकन हसलं. मास्तर मनाचा वाईट नव्हता, पण इंग्रजी त्याला येत होतं, नोकरी त्याची गेली होती, आणि आता बोलायची पाळीही एका बाईकडे जात होती. ते त्याला लागलं होतं.

“भोपळा तुझा, दाणे तुझे, मोजणारीही तूच,” त्याचा चुलतभाऊ म्हणाला. “तू आणि किउंगासाहेब एकाच शाळेत होता काय?”

आता मात्र सगळेच हसले. कारिमीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मत चोरलं, मत चोरलं म्हणून दोन वर्षं ती चुलीचुलीपाशी जाऊन बोलली होती, आणि आज तिलाच चोर ठरवून ही माणसं दात काढत होती. तिने चटईच गुंडाळून टाकली, दाण्यांसकट.

“मी चोर काय? मग लावा रांग! आत्ताच्या आत्ता! देवानं डोळे सगळ्यांनाच दिलेत. बघा आणि मोजा!”

यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. इतकं ते सवयीचं झालं होतं. कारिमी एका झाडाखाली जाऊन उभी राहिली, मास्तर दुसऱ्या झाडाखाली, आणि माणसं आपण होऊन त्यांच्यामागे लागली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, मैदानात शिकवलं होतं तसं. बघता बघता उतारावर दोन सरळ रांगा लागल्या.

वरच्या रस्त्यावर कानिरी म्हातारी शेळ्या घेऊन राखणीला बसवली होती. कोणी येताना दिसलं की तिने शेळ्यांना मोठ्याने हाका मारायच्या, असं ठरलं होतं. खाली काय चाललंय ते पाहून ती काठी टेकत उतरू लागली.

“अरे, थांबा! माझं मत राहील की!”

तिच्यामागे तिची चितळी शेळीही आली. “शेळीचंही धरा,” कोणीतरी म्हणालं, आणि इतका वेळ तुटलेलं हसू परत एकत्र झालं. म्हातारी मास्तरच्या मागे उभी राहिली. कारिमीने मान उंचावून दोन्ही रांगा पाहिल्या. बरोबरीच्या वाटत होत्या. खाली कागेंडो कुदळीवर हात ठेवून उभी होती. ती कुठल्याच रांगेत आली नव्हती.

“ये गं! बघतेस काय?” कारिमीने हाक मारली.

कागेंडोने वर रस्त्याकडे पाहिलं. मग कारिमीकडे पाहिलं. त्या वेळी कारिमीला फक्त आणखी एक माणूस हवं होतं. दुसरं काहीही तिच्या मनात नव्हतं. तिने पुन्हा हाताने खुणावलं. कागेंडो कुदळ ठेवून आली आणि तिच्या रांगेच्या शेवटी उभी राहिली.

“झालं!” कारिमी ओरडली. “आता बोल, मास्तर!”

वरून टाळ्या वाजल्या.

किउंगा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला होता. खाकी कपडे, टोपी गुडघ्यावर, गालात मिरा या नशेच्या पाल्याचा तोबरा. सायकल आडवी पडली होती आणि पायांशी चघळून टाकलेल्या देठांचा ढीग होता. तो आत्ता आलेला नव्हता.

“मोडू नका, मोडू नका!” उतरता उतरता तो म्हणाला. “इतकी सुरेख रांग मला सरकारी निवडणुकीतही लावता आली नव्हती.”

“बांध घालतोय, साहेब,” इकियारा आजोबा पुटपुटले.

“दिसतोय की, आजोबा. अगदी सरळ आलाय.”

कोणीच हललं नाही. किउंगा आधी मास्तरच्या रांगेने गेला आणि मग कारिमीच्या, एकेकाशी हात मिळवत, एकेकाला नावाने हाक मारत. कानिरी मावशीला त्याने गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. कोणाच्या गाभण गाईची चौकशी केली. एकीला म्हणाला, तुझा थोरला हुशार आहे हं, त्याच्या शाळेचं काही अडलं तर मला सांग. ती बाई घाबरून हसली. पावसाआधी मुंग्या जशा भिंतीतून बाहेर येतात तशी त्याच्या तोंडून प्रत्येकाच्या घरातली गोष्ट बाहेर येत होती, आणि त्याचा आवाज मात्र लेकीच्या सासरी आलेल्या बापासारखा गोड होता.

“कारिमीबाई, अभिनंदन. गुरुवारी जाल ना मेरूला? गाडी पाठवू?”

“मी जाईन माझी.”

“बरं, बरं.”

रांगेच्या टोकाला कागेंडो होती. तिने हात पुढे केला होता. किउंगा तिच्यापर्यंत आला आणि वाटेत झुडूप असावं तसा तिला वळसा घालून पुढे गेला. तिथेच ठेवलेल्या दुसऱ्या भोपळ्यातली आंबील त्याने ओंजळीने प्यायली, चांगली आंबलीय म्हणाला, टोपी घातली आणि सायकल हाती धरून चढ चढू लागला.

तो दिसेनासा झाल्यावर कारिमी धावतच मागे गेली. कागेंडोचा हात अजून अर्धवट पुढेच होता.

“त्यानं पाहिलंच नसेल तुला. खरंच. नाहीतर बोलला असता.”

“वहिनी, बाकीच्यांशी तो बोलला. पाहिलं त्यानं मलाच.” तिने कुदळ उचलली आणि कारिमीच्या हातात दिली. “ही तुमच्याकडे राहू द्या. इतक्यात लागायची नाही मला.”

मुरिउंगी मास्तर आला आणि त्याने गुंडाळलेली चटई उचलून तिला दिली. पुढचे दिवस तो रोज येऊन कारिमीकडून भाषण पाठ करून घेत राहिला. आपल्या वाटणीचं बोलणं त्याने तिला देऊन टाकलं होतं, आणि भांडणाचा विषय कोणीच काढला नाही.

गुरुवारी सकाळी कारिमी मुद्दाम कचेरीच्या वाटेने गेली. फाटकावर मुथुरीचा हिरवा ओव्हरकोट उभा होता, पण आत मुथुरी नव्हता. एक कोवळा पोरगा होता, आणि बाह्या इतक्या लांब होत्या की त्याचे हातच दिसत नव्हते.

“मुथुरी कुठाय रे?”

“कोण मुथुरी?” पोरगा म्हणाला. तो खोटंही बोलत नसावा.

आवारातल्या खोलीला कुलूप होतं. उंबऱ्याशी कागेंडोचं भांडं पालथं पडलं होतं आणि तिच्या कोंबड्या दुसरीच बाई चारत होती. विचारलं तर ती पाठ करून उभी राहिली. चहाच्या केंद्रावर एक म्हणाला, माहेरी गेलीय. दुसरा म्हणाला, पहाटे ट्रक आला होता. आणि मग दोघांनाही आपला पाला आधी दाखवायची घाई झाली. आपल्याच त्या हाकेचा आवाज कारिमीला आता वेगळाच ऐकू येत होता. ये गं, बघतेस काय.

मेरूच्या सभागृहात मोठी गर्दी होती. किउंगा पहिल्या रांगेत बसला होता. तिला पाहून त्याने अदबीने मान लववली. कारिमी मागे मास्तरशेजारी बसली. तिचं नाव नव्हे, गावाचं नाव पुकारलं गेलं. ती उठून टेबलासमोर उभी राहिली. मधोमध बसलेले अध्यक्ष वयस्क होते, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं मऊ.

“बोला, आई. गावानं तुम्हाला निवडून पाठवलंय?”

“हो.”

“छान. कसं निवडलं?”

मास्तरने पाठ करून घेतलेलं भाषण ‘आदरणीय अध्यक्षमहाराज’ इथून सुरू होत होतं. ते तिला आठवेना.

“रांग लावून,” ती म्हणाली.

सभागृह खदखदून हसलं. सगळ्यांत मोठ्याने किउंगा हसला आणि शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारली. अध्यक्षही चष्मा वर सरकवत हसले.

“म्हणजे रांग चालते की तुम्हाला!”

कारिमी हसू संपेपर्यंत थांबली.

“माझ्या रांगेत शेवटी एक बाई उभी होती. ती येत नव्हती, मीच बोलावलं तिला. रांग लावा असंही मीच म्हणाले. आज तिच्या घराला कुलूप आहे, आणि तिच्या नवऱ्याचा कोट दुसऱ्याच्या अंगावर आहे. मला एवढंच सांगायचंय. माझ्यासारख्या बाईचीसुद्धा जीभ अशी घसरते. म्हणून चिठ्ठी पाहिजे. पेटीतली.”

अध्यक्षांनी शेजारच्या कारकुनाला खूण केली. कारकुनाने पेन उघडलं.

“त्या बाईचं नाव सांगा. आम्ही चौकशी करू.”

किउंगा खुर्चीत पुढे झुकला. मदत करायला तयार असलेल्या माणसाचा असतो तसा त्याचा चेहरा होता.

“तिला मी एकदा सगळ्यांसमोर उघड करून बसलेय,” कारिमी म्हणाली. “पुन्हा नाही करायची.”

“मग निदान तुमचं?”

“कारिमी. इकियारांच्या उताराखालचं घर. चहाच्या केंद्रापासून दुसरं वळण, दारात केळी आहेत.”

एवढा पत्ता कोणी विचारला नव्हता. कारकुनाने तो लिहून घेतला. अध्यक्षांनी आभार मानले आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

ती परत वळली तेव्हा मागच्या रांगेत बरीच जागा झाली होती. मुरिउंगी मास्तर दाराशी भिंतीला टेकून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. त्याच्या खुर्चीवर आता किउंगा बसला होता, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकून तो तिला बसायची जागा दाखवत होता.