चार उन्हाळे पालथी

मित्रांनो, मी सांगलीच्या कृष्णाकाठची एक जुनी लाकडी नाव आहे. पोटाखाली नदी नसेल, तर नावेजवळ उरते तरी काय? पाठीवर ऊन आणि पोटाशी कोंडलेला अंधार. असे चार उन्हाळे मी काढले आहेत.

आकाराम नावाड्याने मला सागवानातून घडवले. त्याचा मुलगा नाथाजी माझीच कड धरून उभे राहायला शिकला. पुढे तो माझ्या नाळेजवळच्या, म्हणजे अगदी पुढच्या टोकाच्या फळीवर बसून गात असे. १९४१ साली साताऱ्याला पलटणीत भरती होण्यासाठी तो निघाला, तेव्हा पैलतीरी त्याला मीच पोचवले. वल्हे आकारामच्या हाती होते. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर तो लढाईत पडल्याची तार आली. त्याच दिवशी आकारामने मला काठावर ओढून पालथे घातले आणि माझ्याकडे पाठ फिरवली. नदी दहा हातांवरून वाहत होती. तिचा आवाज तेवढा माझ्यापर्यंत येई.

१९४६ च्या वैशाखात तवनाप्पा गुरुजींनी मुलांचे उन्हाळी शिबिर ठरवले. वल्हवणे शिकवण्यासाठी त्यांनी मला मागितले. आकाराम उठून घाटाकडे चालू लागला. त्याची बायको साळूबाई म्हणाली, "न्हेवा गुरुजी. हिला वाळवून आमचं पोर माघारी येनार न्हाई."

गुरुजी जैन. डांबर लावण्यापूर्वी त्यांनी मऊ कुंच्याने माझ्या फटींतली एकेक मुंगी बाहेर काढली. त्यात सकाळ सरली.

"गुरुजी, शिबिर मुंग्यांचं हाय का पोरांचं?" माझ्या डागडुजीला आलेला गुंडा सुतार हसला.

"त्यांना बिऱ्हाड हलवायला वेळ तरी देऊ, गुंडा!"

मग गुंडाने प्रत्येक फटीत काथ्या ठासून भरला, वर डांबर ओतले आणि मला पाण्यात लोटले. घटकाभरात माझ्या पोटात गुडघाभर पाणी चढले.

मला काठावर ओढून गुंडाने कपाळावरचा घाम पुसला. "लय वाळलीया. आता हिचं सरपनच करा." त्याने कुऱ्हाड उचलली.

घाटाच्या पायरीवर पाठमोरा बसलेला आकाराम ताडकन उठला. "कुराड खाली ठेव, गड्या! काथ्या एवढा ठासलास, मग फळ्या फुगल्यावर जागा कुठली? वाळल्या लाकडाला आदी पानी पिऊ द्यायचं असतं!"

त्याने डांबर खरवडले, काथ्या सैल केला, माझ्या पोटात धोंडे रचले आणि उथळ पाण्यात मला बुडवले. मित्रांनो, मला वाचवण्यासाठीच त्याने मला बुडवले होते!

रोज दिवस कलताना तो पाण्यात उतरे आणि बोटांनी माझ्या फटी चाचपे. पाचव्या दिवशी तो हळूच म्हणाला, "पल्याड मी सोडला त्याला. तुजा काय गुन्हा?"

सहाव्या दिवशी त्याने धोंडे काढले, पाणी उपसले. मी तरंगले. थेंबही आत आला नाही.

शिबिराच्या पहिल्या दिवशी एक मुलगी थेट नाळेजवळच्या फळीवर जाऊन बसली. गुरुजी तिला उठवू लागले, तोच आकाराम म्हणाला, "बसू द्या. जागा बसायसाठीच असती."

मित्रांनो, दुःखाच्या भरात एखादी वस्तू उन्हात टाकून देऊ नका. तिला तिचे काम द्या. ते नसेल तर ती आतून तडकत जाते. मी आता रोज पैलतीर गाठते. तिथे आकारामचे वल्हे क्षणभर थांबते. आम्ही दोघेही वाट पाहतो. कोणीच येत नाही. मग मुले ओरडतात, "आकारामतात्या, चला की!" आणि तो मला वळवतो.