उजव्या कानाचा वर्ग

"टीचर, तुम्ही मध्येच गप्प बसता," ज्ञानेश कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"गप्प नाही बसत रे. पोरांना उत्तर द्यायला वेळ नको का?"

"पोरं नाहीत, टीचर."

शालनबाईंनी समोर पाहिलं. पोरं खरोखरच नव्हती. प्लॅस्टिकच्या सहा लाल खुर्च्या होत्या. भिंतीकडे बघून हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगता येत नाही, असं म्हणून त्या त्यांनीच मांडून घेतल्या होत्या. शंभरातलं एक मेंढरू हरवलं, मग मागे किती राहिली, असं विचारून त्या थांबल्या होत्या. गेली तीस वर्षं त्या याच जागी थांबत आल्या होत्या आणि गेली तीस वर्षं कुणी ना कुणी 'नव्वद' म्हणत आलं होतं. खुद्द ज्ञानेशने दुसरीत असताना 'एकशे एक' असं उत्तर दिलं होतं. आता तो तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला होता.

"परत घेऊ," तो म्हणाला. "आणि उत्तर तुम्हीच देऊन टाका."

"मीच विचारू अन् मीच सांगू? येड्यावानी?"

"ऑनलाइन असंच असतं, टीचर."

शालनबाईंनी पदर सारखा केला. मग त्यांनी स्वतःला विचारलं, स्वतःच सांगितलं आणि सवयीने स्वतःलाच शाब्बास म्हणाल्या. ज्ञानेशने ते शाब्बास नंतर कापून टाकलं.

शालनबाई उजागरे मूळच्या राहुरीकडच्या. लग्न करून भोसरीला आल्या. पुढे नवरा गेला, भोसरी राहिली. मूलबाळ नव्हतं. एका वर्कशॉपमध्ये दोन प्रेस मशीनच्या मधल्या टेबलावर त्यांनी सव्वीस वर्षं पॅकिंग केलं. त्यात डावा कान पुरता गेला. निवृत्त होताना मालकाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते टिकटिक करतं, असं शेजारी सांगतात.

उजवा कान मात्र जवळचं ऐकण्यापुरता शाबूत होता आणि तो त्यांनी आकुर्डीच्या शांतिदीप मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, देऊन टाकला होता. दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्या मुलांची शब्बाथ शाळा घेत. आधी गोष्ट, मग गाणं आणि शेवटी सोनेरी वचन. म्हणजे आठवडाभरात पाठ करून आणलेली शास्त्रातली एक ओळ. इतर ठिकाणी मुलं ती उभं राहून घोकतात. इथे बाईंना ऐकू येत नसल्याने एकेका मुलाने जवळ यायचं, हात मागे बांधायचे आणि त्यांच्या उजव्या कानात वचन म्हणायचं, अशी रीत पडली होती. त्यामुळे कुणी न्याहारीला लसणाची चटणी खाल्ली, कुणी दात न घासता आलं आणि कुणाच्या घरी आदल्या रात्री भांडण झालं, एवढं सगळं बाईंना वचनाबरोबर मिळत असे. वचन चुकलं तर ते दोघांनाच कळे. बाई हळूच पुढचा शब्द पुरवीत. बाहेर सगळ्यांनाच वाटे की सगळ्यांनाच येतं.

मग टाळेबंदी आली आणि उपासना फोनवर गेली. टाळेबंदी उठली, पण मंडळी उठली नाहीत. निम्मी माणसं घरं घेऊन चाकण, मोशी, तळेगावला पांगली होती. कुणाची रात्रपाळी, कुणाचा रविवारी ओव्हरटाइम. चाकणच्या चौकातून वेळेवर सुटायला देवाच्या कृपेपेक्षा ट्रॅफिक हवालदाराची कृपा जास्त लागते. प्रभुभोजनसुद्धा फोनवर होऊ लागलं. पाळकसाहेब तिकडे भाकर मोडत, इकडे ज्याने त्याने आपापली मोडायची. एका घरी द्राक्षरसाऐवजी कोकम सरबत निघालं, ते पाळकसाहेबांनी स्क्रीनवरून चालवून घेतलं.

शब्बाथ शाळेत सहा मुलं उरली. तेव्हा कमिटीचे चिटणीस नानासाहेब शालनबाईंच्या घरी आले. नानासाहेब एका कंपनीच्या परचेस खात्यातून निवृत्त झाले होते आणि अजून कुठलीही गोष्ट वर्षभराची एकदम घेत.

"बावन्न रविवार, बावन्न पाठ," ते म्हणाले. "ज्ञानेश रेकॉर्ड करेल. ॲपचं नाव ठरलंय, श्रद्धासोपान. शालनबाई, तुमची गोष्ट दुबईतली पोरंसुद्धा बघतील."

"बघू द्या की. पण आपला रविवारचा वर्ग?"

"वर्ग तर राहणारच."

बाईंच्या मनात लाल खुर्च्या होत्या, नानासाहेबांच्या मनात ॲप. त्यामुळे दोघंही खरंच बोलली.

रेकॉर्डिंग अकरा शनिवार चाललं आणि झालेले पाठ लगेच ॲपवर लागू लागले. तीन महिन्यांत एकच साडी दोनदा दिसायला नको, असं ज्ञानेशचं म्हणणं. बाईंकडे बऱ्या अशा नऊ होत्या, म्हणून चार त्यांनी शेजारच्या अंबुबाईंकडून आणल्या. अंबुबाई उदगीरकडच्या. पंढरीच्या विठोबाला मानणाऱ्या, पण साडी देताना त्यांनी धर्म विचारला नाही, फक्त फॉल सांभाळायला सांगितला. अंबुबाईंची जरीची मोरपंखी साडी नेसून शालनबाईंनी चांगल्या मेंढपाळाचा पाठ दिला. मेंढपाळाकडे एवढी जर शोभत नाही, असं त्यांना वाटलं, पण प्रकाश चांगला पडत होता.

शेवटचा पाठ झाला त्याच आठवड्यात मंडळीच्या ग्रुपवर निरोप आला. रविवारी उपासनेनंतर शालनबाई टीचर यांचा सेवापूर्ती समारंभ, ऑनलाइन. सर्वांनी जॉइन व्हावे.

शालनबाईंनी तो तीनदा वाचला आणि नानासाहेबांना फोन लावला.

"सेवापूर्ती म्हणजे काय हो?"

"सेवा पूर्ण झाली, बाई. बावन्न पाठ झाले. वर्ष भरलं."

"अन् पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी हेच लावायचे. वचन काय जुनं होतं का?"

"मग पोरांचं वचन ऐकायचं कुणी?"

"ॲप ऐकतं. शेकडा किती बरोबर, तेही सांगतं. चुका सगळ्या ग्रुपवर दिसतात, म्हणजे पोरांना धाक राहतो. तुम्हाला तर बाई एकाच कानाने ऐकू येतं." नानासाहेब मोकळेपणाने हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या मनात सहसा काही नसे. "बरं, घरात चांगली शाल आहे ना? नसली तर आणून ठेवा. थोडी फुलंही आणा. पाळकसाहेबांनी सांगितलं की अंगावर घ्यायची."

"मीच?"

"मग? प्रभुभोजनाला भाकर आपापली असते ना? तसंच."

रविवारी शालनबाईंनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. समोर घडी घातलेली शाल आणि भोसरीच्या बाजारातून आणलेली शेवंती. अंबुबाई आपली मोरपंखी साडी न्यायला आल्या होत्या, त्या काय चाललंय ते बघत दारातच थांबल्या. स्क्रीनवर एकसष्ट चौकटी होत्या. त्यातल्या पाचांत माणसं होती, बाकीच्यांत नावं.

पाळकसाहेब बाईंच्या सेवेबद्दल चांगलं बोलले. मग म्हणाले, "आता मी मंडळीच्या वतीने शालनबाईंना शाल अर्पण करतो," आणि त्यांनी आपले दोन रिकामे हात पुढे केले.

शालनबाईंनी शालीची घडी मोडली.

"थांबा की ओ," अंबुबाई आत आल्या. "आपली शाल आपुनच घेत असतेत का कुठं? मेल्यावर सुदीक टाकायला चार माणसं येतेत."

त्यांनी शाल हिसकून घेतली, झटकली आणि शालनबाईंच्या खांद्यावर नीट घातली. फुलंही दिली. मग राग आल्यासारखा मोबाइलमधल्या लोकांना एक नमस्कार केला. टाळ्यांची चित्रं वर उडू लागली. कुणीतरी खाली लिहिलं, ह्या कोण?

"शालनबाई, दोन शब्द," नानासाहेब म्हणाले.

शालनबाईंनी रात्रभर बरंच ठरवलं होतं. त्यातलं एकच बाहेर आलं. "मला वर्ग पाहिजे."

पाळकसाहेबांकडे नेटवर्क अडकलं होतं. बाईंचे ओठ हलायचे थांबले, तेवढं त्यांना दिसलं. "आमेन," ते म्हणाले. मग एकसष्ट चौकटींखाली आमेन, आमेन अशी रांग लागली.

पुढच्या रविवारी त्या नऊ वाजता आकुर्डीला गेल्या. वर्गाच्या खोलीत ज्ञानेशने भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. त्याने आवाज घुमत नाही. लाल खुर्च्या गच्चीवर गेल्या होत्या. बाई परत आल्या आणि त्यांनी वहीत सहा मुलांचे पत्ते शोधले. वर्ग गेला तर गेला. निदान एका मुलाच्या तोंडून वचन ऐकायचं, एवढंच त्यांनी आता मनाशी धरलं. चार घरांनी 'कळवतो' म्हणून सांगितलं. एका घराने फोन उचलला नाही. चाकणहून अपेक्षाची आई योगिनी म्हणाली, "या की टीचर, रविवारी तसंही आम्ही घरीच असतो."

त्यापुढच्या रविवारी भोसरीहून चाकणची बस, तिथून तळेगाव रस्त्याला सहा आसनी. इमारतीची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत पावणेदहा झाले होते. अपेक्षा दहा वर्षांची. तिने दार उघडलं आणि बाईंना खालून वर पाहिलं.

"टीचर, तुम्ही फोनमध्ये उंच दिसता."

"असं का?"

"आणि टू एक्सवर लई भारी बोलता. रॅपरसारख्या."

"टू एक्स म्हंजी?"

"डबल फास्ट. सगळेच तसंच बघतात. नाहीतर चाळीस मिनिटं कोण बसणार?"

"अपेक्षा," योगिनी आतून म्हणाली आणि चहा घेऊन बाहेर आली. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात वॉशिंग मशीन. बसायला पलंग.

"वचन पाठ आहे का?" बाईंनी विचारलं.

"हो. ब्याण्णव टक्के."

"मग म्हण बरं." शालनबाईंनी पदर उजव्या कानामागे सारला आणि थोड्या वाकल्या.

अपेक्षाने आईकडे पाहिलं. "ॲपवर म्हटलं ना ऑलरेडी."

"म्हण की गं. टीचर एवढ्या लांबनं आल्यात." मग योगिनीने घड्याळ पाहिलं. "पण आधी क्लास होऊ दे, टीचर. दहाला हजेरी लागती. टू एक्सवर वीस मिनिटांत संपतो. साडेदहाला हिचं स्केटिंग. मधली दहा मिनिटं तुमचीच."

दहा मिनिटांत वचन चार वेळा म्हणून होतं. शालनबाई खूश झाल्या. त्या अपेक्षाशेजारी पलंगावर बसल्या. फोन उशीला टेकवला. स्क्रीनवर हरवलेल्या मेंढराचं चित्र आलं आणि त्यावर लाल अक्षरं उमटली. एकापेक्षा जास्त चेहरे आढळले. हजेरी नोंदवता येत नाही.

"हे नानासाहेबांनी केलंय," योगिनी ओशाळून म्हणाली. "आया मागनं उत्तरं सांगायच्या ना. टीचर, जरा सरकता?"

बाई सरकल्या.

"अजून थोडं. शाल दिसतीय."

बाई पलंगाच्या कडेला आल्या. लाल अक्षरं गेली नाहीत. त्या उठून भिंतीला लागून उभ्या राहिल्या, तर कपाटाच्या आरशात दिसू लागल्या.

"आई, एक मिनिट राहिलं," अपेक्षा म्हणाली.

"मी मशीनच्या मागं उभी राहते नेहमी," योगिनी म्हणाली. "तिथं दोघी मावणार नाही. टीचर, पॅसेजमध्ये वारा छान येतो. चहा तेवढा बाहेर घेता का? वीसच मिनिटं."

शालनबाई कप घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यामागे दार लागलं, कारण जिन्यातला आवाज आत गेला की तेही ॲपला चालत नसे. क्षणभराने आतून त्यांचा स्वतःचा आवाज सुरू झाला. बारीक, घाईचा. त्यांनी उजवा कान दाराकडे केला. एक शब्द लागेना.

त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या. खालून पाण्याचा जार खांद्यावर घेतलेला माणूस धापा टाकत वर आला. शेजारच्या दारापुढे थांबून त्याने बाईंकडे पाहिलं.

"कोण पाहिजे, मावशी? बेल वाजवू का?"

"नको. आत वर्ग चालू आहे."

"मग तुमी बाहेर का?" तो हसला. "बाई कडक दिसत्यात."

शालनबाईंनी जरा विचार केला.

"हायेत," त्या म्हणाल्या. "पण शिकवत्यात चांगलं."

त्या माणसाने मान डोलावली. खांद्यावरचा जार त्याने आधी मांडीवर घेतला, मग दोन्ही हातांनी सावकाश खाली सोडला आणि आवाज न होऊ देता फरशीवर टेकवला.