शेंडी नसलेला नारळ

न्यूझीलंडमधल्या लोअर हटमध्ये वारा दक्षिणेकडून सुटला की मैदानावरचं पाणी शहारतं. मैदान कसलं, तळंच ते. सेंट ऑस्विन्स कॉलेजच्या मागचं, नदीच्या बांधाला पाठ टेकून बसलेलं. त्या तळ्यात विश्वनाथनं चार हिवाळे काढले. दिवसभर कौन्सिलच्या ऑफिसात पुलांची ड्रॉइंग तपासायची, आणि संध्याकाळी गमबूट चढवून पोरांना फुटबॉल शिकवायचा. पगार नाही, मानधन नाही. पेट्रोल घरचं, आणि हाफटाइमला वाटायच्या संत्र्याच्या फोडीही घरच्याच, विभावरीनं चिरलेल्या.

तो मूळचा कोल्हापूरचा. तिथं पेठेपेठेला तालीम आणि तालमीतालमीची टीम. पोरगं आधी बॉलला लाथ मारतं आणि मग आईला हाक मारतं, असं तो गमतीनं सांगायचा. तालमीकडून खेळताना त्याचा गुडघा गेला, नाद मात्र गेला नाही. इथं कॉलेज म्हणतात ते हायस्कूललाच. आरव, त्याचा मुलगा, सेंट ऑस्विन्सला लागला, तेव्हा कॉलेजच्या मुख्य संघाला कोच मिळत नव्हता. कॉलेज रग्बीचं. दिवाणखान्यासारख्या तिथल्या लांब हॉलमध्ये सोनेरी अक्षरांतली सगळी नावं रग्बीवाल्यांची. फुटबॉलच्या पोरांना उरलेसुरले शर्ट.

"मी शिकवतो," विश्वनाथ म्हणाला होता, आणि हेडमास्तर प्रिचर्ड यांनी त्याचा हात इतका वेळ हलवला की तो सोडवून घ्यावा लागला.

चिखल तुडवत संघ वर चढला. तावीता नावाचं एक सामोअन पोरगं, बस चुकली म्हणून पहिल्या दिवशी जँडल्समध्येच, म्हणजे रबरी चपलांतच, चालत आलेलं, त्याला त्यानं गोलकीपर केलं. त्याची आई रात्रपाळी करायची, म्हणून विश्वनाथ त्याला घरून आणायचा आणि घरी सोडायचा. आरव मधल्या फळीत खेळायचा, पुढं कॅप्टन झाला. दोन हजार सोळाच्या ऑगस्टात संघ जिंकला आणि प्रीमियर गटात गेला. पुढच्या वर्षी गाठ पडणार होती मोठमोठ्या कॉलेजांशी. विश्वनाथ त्या रात्री झोपला नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीठदाणी, लोणच्याची बरणी आणि लिंबं मांडून तो संघ हलवत बसला.

"अहो, लोणचं ऑफसाइड आहे," विभावरी म्हणाली.

"चेष्टा करू नकोस. ह्या एका वर्षासाठी चार वर्षं भिजलोय मी."

आणि तेव्हाच हिरवळ आली. कॉलेजच्या कुणा जुन्या विद्यार्थ्यानं जमिनीच्या धंद्यात रग्गड कमावलं होतं. त्यानं कृत्रिम गवताचं मैदान दिलं, वर दिव्यांचे खांब दिले. तळं बुजलं. गालिचा अंथरला. पावसातही पाय न बुडणारं, विटाळ न होणारं गवत. त्याच्या उद्घाटनाला प्रिचर्ड विश्वनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विश, तुझं आम्ही नीट बघू हं." विश्वनाथनं त्या वाक्याचा अर्थ आपल्या मनासारखा लावून घेतला.

ऑक्टोबरात त्याची आई आली. लीलाबाई. सहा महिन्यांसाठी, दोन बॅगा भरून चटण्या घेऊन. कॉलेजात लेकाला हाका मारताना ऐकून ती दचकली.

"विष? तुला विष म्हणत्यात होय रं ही माणसं?"

"विष नाही आई, विश. नाव लांब पडतं त्यांना."

"आन तू ओ देतोस? बरं बाबा. विषाला ओ देणारा माझाच लेक."

नोव्हेंबरातल्या बक्षीस समारंभाला ती जरीकाठी लुगडं नेसून, वर कार्डिगन घालून गेली. पहिल्या रांगेत जागा दिली होती. प्रिचर्ड माइकसमोर आले, किआ ओरा असा माओरी नमस्कार केला, मग विश्वनाथबद्दल बोलले. यानं आम्हाला चिखलातून वर काढलं. यानं आमच्या पोरांना एक कुटुंब केलं. विभावरी सासूच्या कानात एकेक वाक्य मराठीत सोडत होती, आणि लीलाबाईंचा पदर डोळ्याशी जात होता.

"आणि आज," प्रिचर्ड म्हणाले, "आम्ही त्याचा सन्मान त्याच्याच परंपरेप्रमाणे करणार आहोत."

तबक घेऊन आला आरव. ब्लेझर घातलेला, केस पाणी लावून बसवलेले. तबकात शालीच्या जागी कॉलेजचा मरून मफलर, आणि एक नारळ. पॅसिफिक बेटांवरच्या लोकांच्या दुकानातला, गुळगुळीत सोललेला.

"शेंडी न्हाई गं त्याला," लीलाबाई पुटपुटल्या. "पर असूंदे. साता समुद्रापल्याड मान दिला, लई झालं." आणि त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

विश्वनाथनं नारळ दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. हॉल टाळ्यांनी भरला. त्याला काही बोलायचं होतं, तो माइककडे वळलाही. तेवढ्यात प्रिचर्डनी पुढचं वाक्य घेतलं. प्रीमियर गटासाठी, नव्या मैदानाला शोभेल असा, इंग्लंडात व्यावसायिक खेळलेला माणूस कॉलेजच्या ट्रस्टच्या मदतीनं आपल्याला लाभला आहे. फुटबॉलचे नवे डायरेक्टर, डॅरन.

बाजूच्या दारातून एक उंच, रापलेला माणूस आला. त्याच्या अंगावर नवंकोरं जाकीट होतं, पाठीवर सोनेरी अक्षरांत कोच. टाळ्या पुन्हा झाल्या, आधीपेक्षा मोठ्या. विश्वनाथ स्टेजवरच उभा होता, एका हातात नारळ, गळ्यात मफलर. कुठल्या बाजूनं उतरायचं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"ह्यो कोण?" लीलाबाईंनी विचारलं.

विभावरीनं सांगितलं. लेकाच्या जागी आता हा.

टाळ्या थांबल्या होत्या. त्या शांततेत लीलाबाईंचा आवाज हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत गेला, "म्हंजी नारळ दिला की रं माझ्या पोराला!"

लोकांना वाटलं, म्हातारी आशीर्वाद देते आहे. कुणीतरी मागून हळवेपणानं टाळ्या वाजवल्या आणि सगळा हॉल पुन्हा वाजवू लागला. त्या तेवढ्या माणसांत ते वाक्य कळलं होतं तिघांनाच. श्रीफळ काय आणि नारळ काय, फळ एकच. मध्ये फक्त एक वाक्य होतं, आणि ते प्रिचर्ड इंग्रजीत बोलून गेले होते.

गाडी निघाली, वायपर चालू झाले.

"नारळाचं त्यांना कुणी सुचवलं?" विश्वनाथनं विचारलं.

"मी," आरव म्हणाला. मग इंग्रजीत शिरला, अडचणीत तो नेहमी शिरायचा तसा. सरांनी विचारलं, तुमच्यात मोठ्या माणसाला मान कसा देतात. मी शोधलं. शाल आणि कोकोनट असं आलं. "आय थॉट इट वॉज नाइस, डॅड."

"आणि डॅरनचं? ते तुला ठाऊक होतं?"

मागच्या सीटवर आरव खिडकीकडे वळला.

"हीप्स ऑफ पीपल न्यू," तो म्हणाला. "खूप जणांना ठाऊक होतं. मला सांगू नको म्हणाले होते. कॅप्टन मीच राहणार आहे." आणि थोड्या वेळानं, हलक्या आवाजात, पण ऐकू येईल इतक्या, "तुम्हाला ते पगार थोडीच देत होते, डॅड."

विश्वनाथनं इंडिकेटर दिला, वळण घेतलं. आरव बोलला ते खरं होतं.

लीलाबाईंनी तो नारळ घरात ठेवू दिला नाही. सकाळी विभावरीला घेऊन त्या नदीच्या बांधावर गेल्या. कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईनं त्यांना मॉर्निंग म्हटलं, त्यांनी नमस्कार केला. मग काठाशी ओणवून त्यांनी नारळ पाण्यात सोडला. तो एकदा बुडाला, वर आला, गोल फिरून निघाला. आणि लीलाबाई जातं नसताना, दळण नसताना, नुसत्या वाऱ्याला सांगाव्यात तशा दोन ओळी म्हणाल्या:

चिखल तुडवी माझा लेक, घाम त्याचा गं बाई,
हिरवळ आली तेव्हा त्याला पायरीसुद्धा नाही.

विभावरीनं ते घरी सांगितलं नाही.

डिसेंबरात सुट्ट्या लागण्याआधी विश्वनाथ प्रिचर्डना भेटायला गेला. भांडायला नव्हे. भांडणाची सगळी वाक्यं त्यानं इंग्रजीत करून पाहिली होती, आणि प्रत्येक वाक्य इंग्रजीत गेलं की सौम्य होऊन परत येत होतं. प्रिचर्डनी चहा मागवला. ते खरंच प्रेमानं बोलले. म्हणाले, विश, तू आमचाच आहेस. पुण्या-मुंबईकडून फी भरून येणारी मुलं आपल्याला हवीत, तू एकदा तिकडं जाऊन बोल ना. माहितीपत्रकात तुझा फोटो टाकू, तो मफलर घातलेला.

"तावीताला तरी गोलमध्ये ठेवाल?" विश्वनाथनं विचारलं. त्याला तेवढंच मागावंसं वाटलं.

"येह, नाह," प्रिचर्ड म्हणाले. आधी हो आणि मग नाही. इथं नकार असाच देतात, मऊ कापडात गुंडाळून. "ते डॅरन बघेल. ऑकलंडहून एक गोलकीपर स्कॉलरशिपवर येतोय. फार उत्तम मुलगा आहे म्हणे."

विश्वनाथनं चहा पूर्ण प्यायला. कप बशीत नीट ठेवला.

फेब्रुवारी आला. उन्हानं डोंगर पिवळे पडले, मैदान तेवढं हिरवं. निवड चाचणीच्या रविवारी विभावरी पोळ्या लाटता लाटता थांबली. आरव फ्रिजपाशी उभ्याउभ्या दूध पीत होता.

"तुला काहीच वाटत नाही का रे?"

"व्हॉट?"

"मराठीत विचारलंय, मराठीत ऐक. बाबांना असं काढलं त्यांनी. आणि तू त्यांच्याकडूनच खेळणार?"

आरवनं बाटली खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. "मी नाही खेळलो," तो मराठीत म्हणाला, अडखळत, एकेक शब्द दगडासारखा उचलून, "तर बाबांना परत देणार आहेत का?"

विभावरीनं लाटणं पुन्हा उचललं. दारात विश्वनाथ उभा होता. त्यानं ऐकलं होतं. चार वर्षं ज्या पोराला तो सांगत आला होता की बॉल अडला तर रडत बसू नये, मोकळी जागा शोधावी, ते पोरगं मोकळी जागा शोधून पळालं होतं. शिकवलेलं वाया गेलं नव्हतं. हीच तर खरी आग होती.

"बूट घे," तो म्हणाला. "मी सोडतो."

"कशाला हो?" विभावरी म्हणाली. "जाऊ दे त्याला बसनं."

"रविवारी बस तासातासानं असते."

लीलाबाईही निघाल्या. "घरात बसून भिताडं किती बघू?" असं म्हणत मागं बसल्या.

कॉलेजच्या फाटकाला आता नवी जाळी होती. आरव उतरला. एक क्षण खिडकीशी रेंगाळला, काही म्हणेल असं वाटलं. "थँक्स, डॅड," एवढं म्हणाला आणि पळत गेला. पलीकडे पंधरावीस पोरं सराव करत होती. निम्मे चेहरे नवे. गोलमध्ये एक अनोळखी गोरा मुलगा, हातात चकाकते ग्लोव्ह्ज. विश्वनाथनं तावीताला शोधलं. नव्हता. त्याचे डोळे सवयीनं पुढं सरकले, बचावाची रांग वाकडी उभी होती, डावीकडचा पोरगा फार पुढं होता. त्याचा हात वर उठला, ओरडण्यासाठी श्वासही भरला गेला. मग त्यानं हात स्टिअरिंगवर ठेवला.

खिडकीवर टकटक झाली. डॅरनबरोबर आलेला कुणी तरुण असिस्टंट, नव्या ट्रॅकसूटमधला. त्यानं विश्वनाथला कधी पाहिलेलं नव्हतं. फार गोड हसला.

"सॉरी मेट, पालकांना इथं थांबता येत नाही. मुलांवर दडपण येतं. चार वाजता न्यायला या. स्वीट ॲज? ठीक ना?"

"स्वीट ॲज," विश्वनाथ म्हणाला आणि काच वर केली.

"काय म्हणत हुता त्यो?" मागून आईनं विचारलं.

विश्वनाथनं आरशात पाहिलं. आईनं पदर नीट केला होता, कार्डिगनची बटणं लावली होती, पिशवी हातात घेतली होती. उतरायच्या तयारीत.

"आत या म्हणाला," तो म्हणाला. "तुमच्यासाठी खुर्ची ठेवलीय म्हणाला."

"बघ! आहे बाबा, माणुसकी आहे." त्यांनी दाराची कडी ओढली. "मग चल की. थांबलास का?"

त्यानं गाडी सुरू केली. आतून सगळ्या दारांचं लॉक लावलं.

"नको आई," तो म्हणाला. "दुकान बंद व्हायच्या आत पापड आणायचे आहेत."