बुडबुडे थांबेपर्यंत

“काका, हे दोन आकडे एकाच खडकाचे कसे असतील?” इरावतीने तक्ता विद्याधरांपुढे सरकवला. “पहिल्या नमुन्यापेक्षा दुसऱ्याचा विद्युतरोध नऊपट. एकच बोअर, दोन फुटांचं अंतर. सहा वाजता अहवाल जायचाय आणि सही माझी आहे.”

विद्याधरांनी चष्मा काढून पुसला. मुलुंडच्या त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे ते खडकांतून वाहणारी वीज मोजत आले होते. जमिनीतून काढलेली खडकाची कांडी मिठाच्या पाण्यात भिजवायची, तिच्या दोन्ही टोकांना पितळी चकत्या लावायच्या आणि मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढेच ते काम. पण त्या आकड्यांवरून जमिनीखाली पाणी कुठे आहे आणि कुठे नाही याचा अदमास बांधला जाई. या खेपेस त्या अदमासावर एका टेकडीखालून बोगदा खणला जाणार होता.

“सच्छिद्रता किती आहे दोघांची?”

“अठरा टक्के. शेजारचे तुकडे दळून मोजलीय.”

“मग बरोबर आहे. भोकं किती, हा प्रश्नच चुकीचा आहे, मॅडम. एका भोकातून दुसऱ्यात जायला वाट आहे का, ते विचारा. चाळीत खोल्या शंभर असतील, पण जिनाच बुजवलेला असेल तर माणूस वर पोचेल का? या खडकात वीज जाते ती पाण्यातून. पाण्याला वाट नाही तिथे विजेलाही नाही. शिवाय पहिल्याच्या भोकांना आतून हिरवी माती आहे, ती स्वतःही थोडी वीज नेते. दुसऱ्यात पांढरे स्फटिक आहेत. ते नेत नाहीत.”

“पण नऊपट?”

“भिजवल्यानंतरचं वजन बघा ना. पाणीही कमीच प्यायलाय तो.”

इरावती दमल्यासारखी हसली. “तुमच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? म्हणजे तिथे बोगद्याला पाणी लागणार नाही, असं लिहू?”

“लिहा.”

“ठीकाय. तुमच्या मुदतवाढीचा अर्जही आजच वर पाठवते. असं समजावून सांगणारा दुसरा कुठून आणू?”

विद्याधर खाली आपल्या टेबलाशी येऊन स्टुलावर बसले. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. घरी पत्नी वसुधाताई डोळे तपासून घ्या म्हणून सहा महिने मागे लागल्या होत्या. मुदतवाढीचे पत्र हाती येऊ दे, मग जाऊ, हे त्यांचे ठरलेले उत्तर होते.

सही होईपर्यंत नमुना टाकायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून मोजणी झाल्यावर दुसरी कांडी पुन्हा काचेच्या बरणीत, पाण्याखाली ठेवलेली होती आणि हवा खेचणारा पंप घरघरत होता. खडकाच्या भोकांतली हवा निघेल तेव्हाच तिच्या जागी पाणी शिरते. किती तास भिजवायचे, ते छापील पुस्तकात दिलेले होते, पण विद्याधरांनी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. “घड्याळ नका बघू, बुडबुडे बघा,” असे त्यांनी कित्येक नव्या इंजिनिअरांना सुनावले होते.

“काका, पाय वर घ्या.” काचसामान धुणारी मालन फडके घेऊन आली. लादी पुसता पुसता ती बरणीपाशी थबकली. “ह्याचं मोजून झालं ना? हा तर अजून दम सोडतोय.”

“कोण?”

“दगड. हे काय, ह्या अंगाने. खसखशीएवढे आहेत, पण येतायत.”

विद्याधर वाकले. पाणी निवळ होते. त्यांनी बॅटरी लावली, चष्मा बदलला, काचेला नाक टेकवले.

“मस्करी करतेस?”

“आईशप्पथ, काका. तुम्हाला दिसत नाय?”

त्यांनी बॅटरी विझवली. मालनने फडके पिळले. मग आवाज खाली आणून म्हणाली, “बारीकच आहेत तसे. कोणालापण नाय दिसायचे.”

पंप घरघरत राहिला. मघाशी बोललेले एकूण एक वाक्य खरे होते, फक्त ते या दगडाविषयीचे नव्हते. वजन कमी, रोध जास्त, ही बंद भोकांची खूण. पण आत राहिलेल्या हवेचीही नेमकी तीच. वाट होती. हवा अजून तिच्यातूनच बाहेर येत होती.

जिना चढायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला. इरावतीच्या हातात पेन होते.

“सही करू नका, मॅडम. दुसरा नमुना पुरता भिजलेला नव्हता.”

“तुम्ही स्वतः बघितलं होतंत ना?”

“बघितलं होतं. दिसलं नव्हतं.” खुर्ची समोर असूनही ते उभेच राहिले. “आणि हे आजचंच असेल असं नाही. मार्चपासूनचे, म्हणजे गेल्या सहा महिन्यांतले माझे सगळे नमुने पुन्हा भिजवावे लागतील.”

तिने पेनाला टोपण लावले. विद्याधरांनी टेबलावरच्या कागदांत चाचपून आपला अर्ज शोधला, डोळ्यांजवळ नेऊन खात्री केली आणि घडी करून खिशात घातला.

“काका, तो राहू दे ना.”

“नको.”

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुलावर मालन बसली होती. विद्याधर बरणीकडे पाठ करून, वही उघडून उभे होते.

“आहेत?”

“आहेत.”

चहा आला, निवून गेला.

“आता?”

“थांबले.”

“नक्की?”

“पाच मिनटं झाली, एकपण नाय. तुमच्यापेक्षा जास्त टाइम थांबले मी.”

कांडी काढून, ओल्या फडक्याने टिपून त्यांनी चकत्यांमध्ये बसवली. मीटर मालननेच वाचले. आकडा पहिल्या नमुन्याच्या जवळपास येऊन ठेपला होता. विद्याधरांनी तो वहीत उतरवला आणि ‘निरीक्षक’ या रकान्यापाशी पेन थांबवले. एकतीस वर्षे त्या रकान्यात एकच नाव पडत आले होते.

“मालन, तुझं आडनाव काय गं?”

तिच्या नोकरीच्या अकरा वर्षांत त्यांनी ते कधी विचारले नव्हते.

“घाडीगावकर. कशाला?”

त्यांनी वाकून, एकेक अक्षर जोडत नाव लिहिले. अक्षरे रेघ सोडून खालच्या ओळीत उतरली. मालनला ती दिसली. तिने पंपाचे बटण बंद केले आणि बरणी धुवायला नेली.